चौदा जणांची तालीम

मीना,

तुझ्या शेवटच्या लेखात एक चूक आहे आणि ती माझी आहे. हे तुला तोंडावर सांगायला मला सहा महिने मिळाले होते. त्या सहा महिन्यांत तू दोनदा गावी आलीस आणि मी पाचदा नागपूरला दवाखान्यात येऊन तुझ्या उशाशी बसलो. त्या सात भेटींत धान किती होईल, तलावात पाणी किती फूट आहे, तुझ्या वहिनीचा गुडघा कसा आहे, हे सगळं सांगून झालं. हे एवढंच राहिलं. आज तुला जाऊन एकेचाळीस दिवस झाले.

तुझ्याबद्दल तुझ्या विद्यापीठातले लोक लिहितीलच. तू किती शिकवलंस, कुठे कुठे जाऊन बोललीस, ते त्यांना माहीत. मी तुझा चुलतभाऊ, पाटबंधारे खात्यातला मोजणीदार. रोज सकाळी तलावाच्या पट्टीवरचा आकडा पाहायचा आणि वहीत लिहायचा, हे काम मी अठ्ठावीस वर्षं करतो आहे. आकडा चुकला तर खोडायचा नाही, वर रेघ मारून बाजूला सही करायची, हा आमचा नियम. म्हणून तुझं काम मला आवडलं होतं. तूही मोजतच होतीस. फक्त मी फूट-इंच मोजायचो आणि तू सेकंदाचा हजारावा भाग.

पहिल्यांदा तू मला ते समजावलंस तेव्हा आपण दोघं तलावाच्या पाळीवर होतो. तू म्हणालीस, "भाऊ, 'मोठं झाड' म्हण." मी म्हटलं. मग तू विचारलंस की 'मोठं' का म्हणालास, 'मोठा' का नाही. मी सांगितलं, झाड आहे म्हणून. तू म्हणालीस, "पण झाड तं तू मंग बोलला. तोंडातून 'मोठं' निंघालं तेव्हा झाड आलंच नव्हतं."

पन्नाशी ओलांडेपर्यंत बोलत आलो आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं. पुढे येणाऱ्या शब्दाचं लिंग आधी हजर झाल्याशिवाय अलीकडचा शब्द तोंडातून निघत नाही. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, आणि शाळेत पाय न ठेवलेल्या माणसाच्या डोक्यातही होतं. ते कसं होतं हेच तू शोधत होतीस. पडद्यावर झाडाचं चित्र दाखवायचं, त्याच क्षणी कानातल्या यंत्रातून 'विहीर' असा दुसराच शब्द ऐकवायचा, आणि माणूस 'मोठं झाड' म्हणायला किती वेळ घेतो ते मोजायचं. विहिरीची 'मोठी' आडवी येते का, जीभ अडते का, किती अडते. डच आणि जर्मन बोलणाऱ्यांवरच्या काही प्रयोगांत अशी अडखळ दिसली, इटालियन बोलणाऱ्यांत दिसली नाही, असं तू सांगितलं होतंस. इटालियनमध्ये नामाच्या आधीचा छोटा शब्द पुढच्या शब्दाचा उच्चारही पाहून रूप घेतो, त्यामुळे तो अगदी शेवटी ठरतो आणि तोवर ओढाताण मिटून गेलेली असते, असं एक म्हणणं आहे. म्हणजे माणसाचं डोकं तेच, पण भाषा बदलली की कामाची रीत बदलते.

"अन् आपल्या इथं तं एकाच माणसाच्या तोंडात चार भाषा," तू म्हणाली होतीस. मराठीत तीन लिंगं. गोंदियाला गेलं की हिंदीत दोन. छत्तीसगडीत जवळजवळ भानगडच नाही. गोंडीत पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं जग दुसरीकडे. तुला यासाठी परदेशी जायची गरज नव्हती, गावी यायची होती. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं, हे मात्र मी तुला तेव्हाच सांगितलं.

पण मी तुझ्याशी भांडलोही. माझं म्हणणं होतं की लिंग शब्दाला चिकटूनच येतं, त्यात निवडायचं काही नसतं. तू म्हणालीस, मग गोंदियाच्या खतवाल्या शेठला फोनवर तू दर वेळी 'मेरा आवाज आ रहा क्या' का म्हणतोस, आणि तो दर वेळी 'आ रही है' म्हणून का हसतो. मी म्हटलं, तो स्वतः मराठीत 'माझी पुस्तक' म्हणतो, त्याला तू हस. तू म्हणालीस, मी कोणालाच हसत नाही, मला दोघंही हवे आहेत. मला हे पटलं नाही. एवढं सगळं चालतं तर त्यामागे काही तरी नियम असणारच, आणि नियम असेल तर तो मोजून सापडणार.

म्हणून एका रविवारी मी स्वयंपाकघरातल्या वस्तूंची यादी केली. एकूण एकशे सत्तावीस भरल्या. पुल्लिंगी एकोणपन्नास, स्त्रीलिंगी सेहेचाळीस, नपुंसकलिंगी बत्तीस. आकार, धातू, वापर, सगळे रकाने पाडून पाहिले. तुझी वहिनी म्हणाली, "काय मोजून राहिले तुमी? भात कोन्त्या लिंगाचा ते मंग पाहा, पयले जेवून घ्या." मी ती यादी तुला फोनवर वाचून दाखवली. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि मग विचारलंस की एवढं मोजून कळलं काय. मी म्हटलं, हिशोब लागत नाही. "तेच तं मी पंधरा वर्षांपासून शिकवून राहिली," तू म्हणालीस. त्या दिवशी तू जेवढी हसलीस तेवढी पुढे हसलेली मला आठवत नाही. ती यादी मी केली याचं मला अजूनही समाधान आहे.

आता मे महिन्याकडे येतो.

तू गावात बावीस जणांची चाचणी घेणार होतीस. त्याआधी आठ दिवस तू चित्रांचा एक छापील संच माझ्याकडे ठेवलास. साठ चित्रं. कोणत्या वस्तूला गावात काय म्हणतात ते बघून ठेव, एवढंच तू सांगितलंस. कोणाला दाखवू नकोस असं म्हणाली नाहीस, यावर मी पुढे बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. पण ती समजूत खरी नव्हती. ज्याला पट्टीवरचा आकडा कळतो, त्याला विचारायचंही कळायला हवं.

तेंदूपत्त्याचे दिवस होते. सकाळी जंगलातून पानं तोडून आलेली माणसं दुपारी आपल्या सपरीत, बाहेरच्या त्या लांब पडवीत, पुडके बांधत बसायची. मी संच घेऊन तिथे बसलो, दोन-चार नावं विचारली. तेवढ्यात कोणी तरी म्हणालं की ही मीनाची परीक्षा दिसते. मी नाही म्हणालो नाही. मलाही तेव्हा थोडंफार तसंच वाटत होतं. मग ते पसरलं. पुढच्या सोमवारी मीनाची परीक्षा आहे, तिच्या विद्यापीठाचं यंत्र येणार आहे, आपण चुकलो तर मीना नापास होणार. गावची लेक माहेरी काही मागायला आली आहे आणि तिने मागितलंय काय, तर दोन शब्द. ते तरी खणखणीत द्यायचे की नाही?

सर्वांत आधी सीताकाकू पुढे सरकली. तिचं माहेर छत्तीसगडचं, साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. तिचं बोलणं तुला माहीतच आहे. विहिरीला 'मोठा' म्हणते, मग अर्ध्यावर थांबते, कधी सुधारते, कधी हात झटकून पुढे जाते. ती म्हणाली, "मले बरोबर शिकव गा. पोरगी माह्यापायी नापास झाली तं लोकं म्हनतीन, काकूनंच बुडवली."

मी शिकवलं. पाच दुपारी, रोज दोन तास. हातात चित्र धरायचं आणि समोरच्याने म्हणायचं, मोठं झाड, मोठी विहीर, मोठा नांगर. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. कोणी इकडचं तिकडचं रूप बोललं की मी पुस्तकातलं करून देत होतो. चौदा जण तयार झाले. शुक्रवारी सीताकाकूने साठच्या साठ चित्रं न अडखळता म्हटली, तेव्हा सगळ्यांनी हातातले पुडके खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. काय, कोण, कोणत्या दिवशी, हे मी माझ्या खिशातल्या डायरीत लिहीत गेलो. मला कशाचीही नोंद ठेवायची सवय आहे.

सोमवारी तू आलीस. ठरल्याप्रमाणे कोणी तुला काही सांगितलं नाही. शाळेत साहेब तपासणीला येतात तेव्हा मुलं गप्प असतात, तसं गाव गप्प होतं. तीन दिवसांत बावीस जण झाले. बुधवारी चहा पिताना तू मला म्हणालीस की या सगळ्या खटाटोपात जीव एकाच गोष्टीत आहे. माणसाने ते चित्र आधी पाहिलेलं नसलं पाहिजे आणि काही न ठरवता बोललं पाहिजे. अडखळला तर ती चूक नाही, तोच आपला माल.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मला लाज वाटली म्हणून मी बोललो नाही. पुढच्या महिन्यात तुझं निदान झालं, आणि मग गप्प राहायला मला चांगलं कारण मिळालं. आजारी माणसाला कशाला त्रास, असं.

खरा त्रास पुढे झाला. आषाढात दवाखान्यात तू उठून बसलेली होतीस, पुढ्यात कागद होते. तू मला जवळ बोलावून दाखवलंस. गोंदियाला रोज गाडीने कामाला जाणारे आपल्या गावचे सात जण अडखळतात. गावातच राहणारे जवळपास सगळे सफाईने बोलतात. म्हणजे दोन भाषा रोज वापरल्या की लिंगांची ओढाताण वाढते, एकाच भाषेत दिवस गेला की ती मिटते. "सीताकाकूही अडकत नाही, भाऊ. साठ वर्षांत तिची जीभ पूर्ण इथली झाली," तू म्हणालीस. तुझ्या डोळ्यांत जे होतं ते पाहून मी मान हलवली.

मला कारण माहीत होतं. गोंदियाला जाणारे सात जण दुपारी सपरीत नव्हते, ते कामावर होते. म्हणून त्यांची तालीम झाली नव्हती. जी ओळ तू भाषेच्या मध्ये आखलीस, ती माझ्या सपरीच्या उंबऱ्यावर पडलेली होती. आणि त्या ओळीवर तू तुझा शेवटचा लेख लिहीत होतीस, सलाईन लावलेल्या हाताने. त्यानंतर मी तीनदा तुला भेटलो.

तू गेलीस. तेरवीला तुझी विद्यार्थिनी रेवती आली. तू तिच्याबद्दल बोलायचीस, पण ती एवढी शांत असेल असं वाटलं नव्हतं. पंगत उठल्यावर तिने मला सांगितलं की मॅडमचा लेख तयार आहे, पुढच्या महिन्यात पाठवते, पहिलं नाव अर्थातच त्यांचं. मी बरं म्हणालो आणि आत गेलो. तुझ्या वहिनीला सगळं ठाऊक होतं. त्या मे महिन्यात चौदा जणांचा चहा तिनेच केला होता. ती भांडी विसळत होती, वर न बघता म्हणाली, "पोरगी उद्या चालली. मीनाच्या नावावर खोटं छापून आलं तं तुमाले झोप येईन का?"

मी बाहेर येऊन रेवतीला सगळं सांगितलं. मधे काही गाळलं नाही. मला वाटलं आता ही उठून जाईल. मग तिने विचारलं, "काका, कोण कोण होतं ते आठवतं का?"

मी डायरी आणून दिली. चौदा नावं, पाच दिवस, कोणी किती चित्रं म्हटली, कोणाचं काय चुकलं, मी काय सुधारलं. तिने तुझा तक्ता उघडला आणि एकेक नाव जुळवत गेली. गावात राहणारे पंधरा. त्यांतले चौदा माझ्या डायरीत. एकच नव्हतं, श्यामरावचं. तो त्या आठवड्यात लेकीकडे बोदलकसाला गेला होता, रविवारी रात्री परतला. तक्त्यात श्यामरावचे आकडे गोंदियाला जाणाऱ्यांसारखे होते. तो गावातच राहून भरपूर अडखळला होता. त्याच्या नावापुढे समासात तू पेन्सिलने लिहिलं होतंस, 'हा एकटाच का?'

मीना, त्या प्रश्नाचं उत्तर सहा महिने माझ्या खिशात होतं, आणि तू ज्या खाटेवर तो लिहिलास त्या खाटेपाशी मी ते घेऊन बसत होतो. या पानावर मी सगळ्यात जड हेच लिहितो आहे. क्षमा मागतो असं लिहून हे हलकं करून घ्यायचं नाही.

मी रेवतीला म्हटलं की म्हणजे तिचं शेवटचं काम मी बुडवलं. ती म्हणाली, "लेख असा जाणार नाही, एवढंच. मॅडमचा प्रश्न जागेवर आहे. कदाचित त्यांचं उत्तरही बरोबर निघेल. अजून ते आपल्याला माहीत नाही." मग तिने तुझ्या पेन्सिलच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली की त्यांना खटकलं होतं, काका, त्या इथपर्यंत आल्या होत्या. ते ऐकलं तेव्हा तू गेल्यापासून पहिल्यांदा मला नीट रडू आलं, आणि रडून झाल्यावर बरं वाटलं.

तिने जुनी चित्रं बाद केली. तीन आठवड्यांत नवी साठ केली, जी गावात कोणी पाहिलेली नाहीत. मीही नाही. चौदापैकी एक जण श्रावणात वारले, तेरा उरले. त्या तेरा जणांना मी सपरीत बोलावलं आणि सांगितलं की आपण चांगलं करायला गेलो आणि मीनाचं काम बिघडवलं. बसलेले सगळे खाली पाहू लागले. श्यामराव मुद्दाम आला होता, त्याला हा दिवस सोडायचा नव्हता. तो म्हणाला, "मी म्हनलो नव्हतो का? गावात एकटा मीच खरा मानूस हाय." तेव्हा कुठे लोक हसले. कोणी तरी विचारलं की हे आमच्यामुळे झालं का. मी सांगितलं, तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे.

पण त्यानंतर जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. अडखळलं तरी चालतं, असं रेवतीने समजावल्यावर गावाने ते नेहमीप्रमाणे मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चारपाच जण सपरीत अडखळण्याची तालीम करत होते. एक जण बैलाला पाहून 'मोठी, नाही मोठं, नाही मोठा' असं रंगवून सांगत होता आणि दुसरा त्याला आणखी जरा थांबायला सांगत होता. रेवतीने कपाळाला हात लावला. मग ती त्यांच्यात खाली बसली आणि म्हणाली, मीनामॅडमना तुमच्याकडून बरोबरही नको होतं आणि चुकीचंही नको होतं. तुम्ही घरात जसं बोलता तसं हवं होतं. एवढं कमी मागणारं माणूस त्यांना बहुतेक कधी भेटलं नव्हतं.

चाचणी काल संपली, आपल्याच घरात, मागच्या खोलीत. रेवतीने मला घराबाहेर काढलं. म्हणाली की काका, तुमच्या तोंडाकडे पाहून लोक उत्तर दुरुस्त करतात. बरोबर होतं. मी रस्त्यापलीकडे चिंचेखाली जाऊन बसलो. तिथून आतलं काही ऐकू येत नव्हतं, फक्त कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं ते दिसत होतं. आकडे हाती यायला तीन-चार महिने जातील. तुझं म्हणणं टिकलं तर ते आता स्वतःच्या पायावर टिकेल. पडलं तर तेही तुझ्याच नावाने छापायचं, आणि मे महिन्यात काय झालं ते माझ्या नावासकट लिहायचं, असं रेवतीचं आणि माझं ठरलं आहे. आपलं भांडण मात्र मिटलेलं नाही. अजूनही मला वाटतं की त्यात काही तरी नियम आहे, फक्त मला मोजता आला नाही.

सगळ्यात शेवटी सीताकाकू होती. ती आत बराच वेळ राहिली. बाहेर आली ती काठी टेकत रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे. माझ्यासमोर उभी राहिली, पण माझ्याकडे न बघता.

"लई ठिकानी चुकली गा मी," ती म्हणाली. "मीनाले चालंल का?"

"चालंल, काकू," मी म्हणालो.